नानांची अर्धी, भाऊंची अर्धी

आमच्या कारखान्यात भंगार साठू देत नाहीत. दर शनिवारी भंगारवाला येतो आणि जुने पत्रे, मोडक्या सीटा, फुटके आरसे, सगळं टेम्पोत घालून घेऊन जातो. किस्से मात्र कोणी उचलत नाही. ते साठतच जातात! लग्नात भेटा, बारशात भेटा, कोणीतरी विचारतंच, "काय मॅडम, कारखान्यात नवीन काय?" आणि मी सुरू होते. माझा नवरा म्हणतो, "तू तिथे पगार कसला घेतेस? तुझ्याकडून तर त्यांनी तिकीट घ्यायला पाहिजे!"

आधी ओळख करून देते. धुळ्याहून सोनगीरकडे निघालं की हायवेलगत आमचा कारखाना लागतो. नव्या चेसिसवर, म्हणजे इंजिन-चाकांच्या नुसत्या सांगाड्यावर, बसची बॉडी बांधायची आणि खिळखिळ्या झालेल्या जुन्या गाड्या सोलून पुन्हा नव्या करायच्या, हे आमचं काम. मी परचेस बघते. म्हणजे पत्रा, रबर, काचा, रेक्झिन मागवते आणि उरलेल्या वेळात मालकांची भांडणं ऐकते. माहेर माझं जळगावचं, राहते देवपूरला.

कारखाना उभा केला आबांनी. आता त्यांचं वय झालं. रोज सकाळी येतात, गेटजवळच्या निंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि सहसा काही बोलत नाहीत. थोरला मुलगा, नाना, प्रॉडक्शन बघतात. धाकटे भाऊ मार्केटिंग बघतात. आबांच्या पत्नीला मुलांपासून वॉचमनपर्यंत सगळे अक्का म्हणतात. घरात बोली अहिराणी, तिच्यात 'सगळं'ला 'बठ्ठं' आणि 'कुठे'ला 'कथा' म्हणतात. त्या काहीच बघत नाहीत आणि त्यांना सगळं दिसतं.

*

एकदा भाऊंनी मनावर घेतलं, कंपनी 'प्रोफेशनल' करायची! पुण्याहून एक कन्सल्टंट बोलावला. तो आला टाय बांधून, तेही मे महिन्यात. धुळ्याच्या मे महिन्यात गळ्याला टाय बांधलेला माणूस बघायला आमचे वेल्डर काम थांबवून दारात आले होते.

त्याने एकेकाला केबिनमध्ये घेतलं. "तुमचं डेझिग्नेशन काय?"

स्टोअरवाले म्हणाले, "मी नानांचा साडू."

एचआरवाले म्हणाले, "मी भाऊंचा शालक."

डिस्पॅचवाल्यांनी जरा आठवून सांगितलं, "मी अक्कांच्या मावसबहिणीचा जावई. पण आता परमनंट झालो."

"आणि रिपोर्टिंग कोणाला करता?"

यावर मात्र सगळ्यांचं एकमत. "अक्कांना!"

बिचाऱ्याने घाम पुसत पुसत कंपनीचा चार्ट काढला. भाऊंनी तो मोठ्या पडद्यावर लावला, सगळ्यांना गोळा केलं, अक्कांनाही खुर्ची दिली. अक्कांनी चष्मा नीट करून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "बठ्ठं चांगलं काढेल शे. पन नानाना सासरना दोन जन राही ग्यात ना!"

कन्सल्टंटने निमूटपणे दोन चौकोन वाढवले. चौकोन रिकामे दिसायला नकोत म्हणून पुढच्या सोमवारी त्या दोघांना कामावर घ्यावं लागलं.

*

आमच्याकडे सीटची शेवटची तपासणी अक्का करतात. कशी? तर सीटवर चढून चक्क मांडी घालून बसतात. मांडी नीट बसली तर सीट पास.

एक तरुण इंजिनिअर नव्यानेच लागला होता. त्याने नियमांचं पुस्तक उघडून सांगितलं, "अक्का, दोन सीटमधलं अंतर कोडप्रमाणे बरोबर आहे."

"तुन्हा कोड बराबर व्हई रे पोरा," अक्का म्हणाल्या, "पन मन्हा गुडघा कथा ठेवू?"

"अहो, बसमध्ये मांडी घालून कोणी बसतं का?"

"शिरपूरनी गाडीमा बठी देख एक डाव! बठ्ठ्या बाया अश्याच बठतीस!"

पोरगा हुशार निघाला. वाद घालण्यापेक्षा त्याने सीट चार बोटं मागे सरकवली आणि ड्रॉइंगवर खाली लिहून टाकलं, 'सीट, अक्का टाइप'. पुढे बाहेरून एक तपासणीवाले साहेब आले. त्यांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "हे अक्का कोणतं स्टँडर्ड आहे? आमच्या ऐकण्यात नाही."

भाऊ एका क्षणात म्हणाले, "इनहाऊस आहे सर. फार कडक!"

*

आणखी एक रिवाज. गाडी तयार झाली की ती आधी गिऱ्हाइकाला मिळत नाही. आधी घरचे आणि कामगार सगळे तिच्यात बसतात, कोणाच्या तरी मळ्यात जातात, भरीत-भाकरी खाऊन परत येतात. मग डिलिव्हरी. याला म्हणतात 'पहिली फेरी'. नव्या गाडीला आधी हसरी माणसं लागली पाहिजेत, असं अक्कांचं म्हणणं.

एकदा जळगावच्या एका शाळेचे अध्यक्ष गाडी न्यायला नेमके पहिल्या फेरीच्या दिवशी आले. त्यांनाही बरोबर घेतलं. मळ्यात पंगत बसली. अध्यक्षांनी भरिताचा एक घास घेतला आणि थांबले.

"वांगी कुठली?"

"धुळ्यानी," अक्का म्हणाल्या.

अध्यक्षांनी हात आखडता घेतला. "गाडी छान झालीय. पण आमच्या जळगावला याला भरीत म्हणत नाहीत."

झालं! अक्का ताडकन उठल्या. "भाऊ, याले गाडी देवानी नही!"

भाऊंचं तोंड उतरलं. नाना मळ्यातल्या विहिरीकडे बघायला लागले. मग कोणाला तरी आठवलं की मॅडम जळगावच्या. सगळी पंगत माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हीच सांगा!" एकीकडे माझं माहेर, दुसरीकडे माझी नोकरी!

मी म्हणाले, "भाकरी फार सुंदर झालीय."

गाडी गेली एकदाची. अध्यक्षांनी पुढची ऑर्डर दिली तेव्हा अट घातली, पहिल्या फेरीची वांगी जळगावहून येतील. ती आली, त्यांचं भरीत झालं, अक्कांनीही खाल्लं. "बरं शे," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

*

आता भांडणाकडे येते, कारण त्यापासूनच खरा तमाशा सुरू झाला.

नाना आणि भाऊ यांच्या केबिन शेजारी-शेजारी. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, आणि पार्टिशनला भोक पाडून त्यात एकच एसी बसवलेला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. नानांना थंडी सोसत नाही. भाऊंना उकाडा सोसत नाही. दिवसभर दोन्ही बाजूंनी आवाज, "वाढव!" "कमी कर!" शेवटी दोघांनी बोलणं टाकलं आणि रिमोट माझ्याकडे आला. मग चालू झालं, "मॅडम, पलीकडे सांगा, इथे माणूस गारठतोय." "मॅडम, पलीकडे सांगा, स्वेटर घाला म्हणावं." एक अख्खा उन्हाळा मी हवामान खातं सांभाळलं!

एके दिवशी वैतागून मी एसी बंदच करून टाकला आणि कोणाला सांगितलं नाही. थोड्या वेळाने नानांनी मला बोलावलं. "आता कसं बरं वाटतंय! आला ना शेवटी वठणीवर!" बाहेर पडले तर भाऊ दारात उभे. कपाळावर घाम, पण चेहरा खूष. "ऐकलं ना नानांनी? काय मस्त गार झालंय!"

खरं म्हणजे एसी हे निमित्त होतं. नानांना नव्या गाड्या बांधायच्या होत्या. भाऊंचं म्हणणं, आता पैसा जुन्या गाड्या नव्या करण्यात आहे. दोघांचंही खरं होतं, आणि तेच वाईट होतं. दिवाळी झाल्यावर दोघांनी जाहीर केलं, आम्ही वेगळे निघतोय.

*

वाटणी करायला वकील आले. वकिलांनी शेडला एक चक्कर मारली आणि खूष होऊन म्हणाले, "अहो, ही तर आयती वाटणी आहे!"

आमच्या शेडला दोन दरवाजे. पुढचा हायवेकडे, मागचा कच्च्या रस्त्याकडे. गाडी पुढून आत येते, तयार होऊन मागून बाहेर निघते. दोन भाऊ, दोन दरवाजे! पुढचा नानांचा, मागचा भाऊंचा. शेडच्या बरोबर मधोमध आडवी पिवळी रेघ मारली. आबा निंबाखालून उठून ती रेघ बघायला आले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

रेघ मारल्यावर लक्षात आलं, पाण्याचा कूलर भाऊंच्या बाजूला आला आणि संडास नानांच्या. दोन दिवस कसेबसे गेले. तिसऱ्या दिवशी नाना माझ्याकडे आले. "मॅडम, पलीकडे निरोप द्या. पाणी त्याचं आणि लोड माझ्यावर, हे चालणार नाही!"

*

त्या वेळी शेडमध्ये नरडाण्याच्या एका गिऱ्हाइकाची गाडी उभी होती. औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करणारी साधी गाडी. ती रेघेवर आली. तोंड भाऊंच्या हद्दीत, शेपूट नानांच्या. सरकवायची कोणी? दोघांनी ठरवलं, आपापल्या हद्दीतलं काम आपण पुरं करायचं.

भाऊंनी पुढचा भाग असा सजवला की काय विचारता! दिव्यांच्या माळा, लाल-पिवळे पट्टे, ड्रायव्हरसमोर आरशात आरसा. नानांनी मागचा भाग आपल्या स्वभावाप्रमाणे केला. करडा रंग, जाड पत्रा, साध्या दणकट सीटा. रंग बरोबर पिवळ्या रेघेच्या डोक्यावर बदलत होता. आमचे हिरामण मिस्त्री, म्हणजे सगळ्या वेल्डरांचे मुख्य, दोन्हीकडे सांगतील तसं काम करून गेले.

नरडाण्याचं गिऱ्हाईक आलं. त्याने गाडीला एक फेरी मारली. मग आणखी एक मारली. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, पुढली गाडी लई आवडनी. पन मन्ही गाडी कथी शे?"

*

एवढं झालं तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. भिंत बांधायचं ठरलं. शेड रिकामी केली, गवंडी आला, चार इंची विटांची भिंत पार छतापर्यंत गेली. दोन्ही बाजूंना वेगवेगळे नारळ फुटले. दोन्हीकडचे पेढे मी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नानांकडे नवं चेसिस आलं. ड्रायव्हर आत घ्यायला लागला. नाना हात हलवत होते, "येऊ दे, येऊ दे, अजून पुढे घे."

"नाना," ड्रायव्हर म्हणाला, "पुढे भिंत शे."

नानांनी मागे जाऊन बघितलं. चेसिसचा मागचा भाग दाराबाहेर उन्हात!

गाडी शेडच्या अर्ध्यात मावत नव्हती. मावणार कशी? शेड एका गाडीला बेताची होती, तिचे दोन भाग केलेले! दोघा भावांचं उभं आयुष्य गाड्यांची लांबी मोजण्यात गेलं होतं. शेडची लांबी मोजायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी मिस्त्रींना विचारलं, "तुम्हाला तरी दिसलं असेल ना?" ते म्हणाले, "दिसनं ना. पन वाटणी भाऊभाऊंनी शे, आपुन काबर बोलवं?"

वाटणीत भाऊंकडेही एक नवं चेसिस आलं होतं; मागच्या बाजूला त्यांचीही तीच गत. भाऊंनी आधी चेसिस कंपनीला मेल केला की तुमचं चेसिस लांब आलंय. तिकडून उत्तर आलं, नेहमीएवढंच आहे. मग भाऊंनी स्टाफची मीटिंग घेतली आणि सांगितलं, "यापुढे आपला फोकस मिनीबस!"

नानांनी दाराबाहेर रोपवाटिकेला लावतात तशी हिरवी नेट ताणली आणि तिच्याखाली वेल्डिंग सुरू केलं. तिकडे भाऊंच्या गाड्यांचा ओला रंग कच्च्या रस्त्यावरची धूळ खाऊ लागला. अंगावर काटा आल्यासारखा पत्रा दिसायचा. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, तर भाऊ म्हणाले, "टेक्श्चर फिनिश आहे साहेब. लेटेस्ट!"

*

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मग जळगावचे तेच अध्यक्ष पुन्हा आले. त्यांच्या संस्थेच्या सगळ्या शाळांना नव्या गाड्या हव्या होत्या, मोठ्या, पूर्ण लांबीच्या. आमच्याकडे आजवर आलेली सगळ्यांत मोठी ऑर्डर! त्यांनी नेटखाली लटकलेली गाडी बघितली, मागे जाऊन धूळ खाल्लेली गाडी बघितली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "ताई, माझ्या पोरांच्या गाड्या मी रस्त्यावर बांधून घेणार नाही. महिनाभर थांबतो. नाहीतर दुसरीकडे देतो."

ऑर्डर गेली तर दोन्ही बाजू बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. दोन वेल्डर आधीच काम सोडून गेले होते. बाकीचे जेवणाच्या सुट्टीत घोळका करून दबक्या आवाजात बोलायचे आणि मी जवळ गेले की गप्प व्हायचे. ही माणसं या शेडमध्ये म्हातारी झालेली. मला मनापासून भीती वाटायला लागली, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

मी नानांच्या केबिनमध्ये गेले. "नाना, भिंत पाडा."

नानांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मला ती भिंत बघवत नाही. पण आधी त्याने म्हणू दे. आणि तुम्हाला शपथ आहे, हे त्याला सांगू नका."

मी भाऊंच्या केबिनमध्ये गेले. भाऊंचे डोळे भरून आले. "मला का आवडते ती भिंत? पण मी धाकटा. आधी नानांनी म्हणायला पाहिजे. आणि हे त्यांना सांगू नका, तुम्हाला शपथ आहे!"

म्हणजे दोघांनाही भिंत नको, हे कारखान्यात फक्त मला माहीत, आणि मला दोन्हीकडून शपथ! मी अक्कांकडे गेले. अक्का म्हणाल्या, "मन्हं आते कोन आयकस? यासना बापले सांग."

मग निंबाखाली जाऊन आबांना सगळं सांगितलं. दोन्ही शपथा मोडल्या, खोटं कशाला बोलू? अध्यक्षांची मुदत सांगितली, सोडून गेलेले वेल्डर सांगितले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा पिदा का?"

मला असा राग आला! म्हटलं, या घरात कोणाला काही पडलेलंच नाही.

*

अध्यक्षांची मुदत संपत आली होती. त्या दिवशी दुपारी आबा खुर्चीवरून उठले. नव्या गाड्यांचं काम अडलेलं, म्हणून नानांनीही एक जुनी गाडी कामाला घेतलेली. तिची मागची सगळी बॉडी सडलेली, कापून काढायची होती, म्हणून उलटी आत घातलेली. शेपूट भिंतीकडे, तोंड दाराबाहेर, नेटखाली.

आबांनी हिरामण मिस्त्रींना हाक मारली. "दोन्हीकडल्या बठ्ठासले चहाले लई जाय."

"आबा, आत्ताच तं जेवनं व्हयनात."

"लई जाय."

सगळे हायवेपलीकडच्या टपरीवर गेले. आबा पुढच्या बाजूने आत जाऊन कोपऱ्यापर्यंत बघून आले. मग बाहेरून वळसा घालून मागच्या बाजूलाही बघून आले. कोणी राहिलं नव्हतं, आणि भाऊंच्या बाजूला त्या दिवशी गाडीही नव्हती. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला जेवल्यावर फेऱ्या मारायची सवय असेल.

आबांनी गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं. कितीतरी वर्षांनी ते स्टिअरिंगवर बसत होते. त्यांनी हॉर्न दिला. पुन्हा एकदा दिला, लांबलचक. मग रिव्हर्स टाकला.

काय तो आवाज! शेडचे पत्रे थरथरले, निंबावरचे सगळे कावळे उडाले. दोन्ही दारांतून धुळीचे लोट बाहेर आले. नाना केबिनमधून पुढच्या दाराकडे धावले, भाऊ मागच्या दाराकडे. टपरीवरचे सगळे कप टाकून रस्ता ओलांडून आले. मीही पायांत चप्पल न घालता पळाले.

धूळ खाली बसली. मधली भिंत विटांचा ढीग होऊन पडली होती. आणि शेडमध्ये, कित्येक महिन्यांनी, एक अख्खी गाडी उभी होती. तोंडापासून शेपटीपर्यंत आत, सावलीत.

नाना पुढून आणि भाऊ मागून विटांवरून धडपडत ड्रायव्हरच्या दारापाशी पोहोचले. दोघांनी एकदम आबांचे हात धरले. "आबा! लागलं का कुठे?" इतक्या दिवसांत दोघांच्या तोंडून एकदम निघालेला तो पहिला शब्द. आबा सावकाश खाली उतरले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर झटकली.

तेवढ्यात त्या गाडीचा ड्रायव्हर रडकुंडीला येऊन पुढे आला. "नाना, देवाशपथ, कालच ब्रेक तपासले होते मी. एकदम टकाटक होते!"

नानांनी आबांकडे बघितलं. भाऊंनी आबांकडे बघितलं. मग नानांनी हळूच विचारलं, "आबा, ब्रेक नही लागना का?"

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

"लागना ना!" ते म्हणाले. "भिंत गयी, तव्हय बराबर लागना!"